अनोळखी पुरुष, वय अंदाजे साठ

मी सहा नंबरच्या वॉर्डात शिरले तेव्हा तो माणूस पलंगाच्या कडेला बसून म्हाताऱ्याला पेज भरवत होता. चमचा ओठाशी न्यायचा आणि थांबायचा. म्हाताऱ्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, त्यामुळे अर्धीअधिक पेज हनुवटीवर ओघळायची. ती तो टॉवेलच्या टोकानं टिपायचा आणि पुन्हा चमचा भरायचा. त्याला कसलीही घाई दिसत नव्हती. मी दारात थांबून बघत राहिले. सव्वीस नंबरच्या पलंगाला भेटायला कुणी यावं हेच मुळात नवलाचं होतं. त्या केसपेपरवर नावाच्या जागी ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे साठ’ एवढंच लिहिलेलं होतं, आणि ते मीच लिहिलं होतं.

जवळ जाऊन मी विचारलं, “तुम्ही यांचे कोण?”

तो उठून उभा राहिला. पन्नाशीचा, काटकुळा, डोक्याला पांढरी टोपी, बोटांच्या पेरांत काजळी मुरलेली.

“कुणी न्हाई, मॅडम.”

“मग ओळख कुठली?”

“ओळख न्हाई.”

एवढं बोलून तो पुन्हा बसला आणि उरलेली पेज भरवू लागला. उद्धटपणा नव्हता त्यात. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर देऊन झालं, असं मात्र त्यानं ठरवून टाकलं होतं. मला ते मुळीच आवडलं नाही.

या गोष्टीला आता पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. मी तेव्हा एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. गावाचं नाव सांगत नाही. दक्षिणेकडचं, बऱ्यापैकी मोठं एस.टी. स्टँड असलेलं गाव, एवढं पुरे. बेवारस पेशंटचे नातेवाईक शोधणं, त्यांच्या औषधांची सोय लावणं, बरे झाले तर कुठल्या तरी आश्रमात जागा मिळवून देणं, हे माझं काम. अशा पेशंटच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. आणि कुणी गेलं तर का गेलं हे आधी बघावं, असा धडा मला आदल्याच वर्षी मिळाला होता.

एक म्हातारी आली होती, पडून कमरेचं हाड मोडलेली. आठवड्याभरात तिचा भाचा म्हणवणारा एक जण उगवला. गोड बोलायचा, तिच्यासाठी डब्यातून शिरा आणायचा, तिचे केस विंचरायचा. मला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. मीच सही करून म्हातारीला त्याच्या हवाली केलं. महिन्याभरानं तिचा सख्खा मुलगा आला तोवर म्हातारीचा अंगठा कागदावर उठून तिचं घर परक्याच्या नावावर झालं होतं, आणि म्हातारीचा पत्ता कुणालाच नव्हता. मला कारणे दाखवा नोटीस आली. नोटिशीचं मी निभावून नेलं, पण त्या शिऱ्याचा वास पुढे कितीतरी दिवस माझ्या नाकातून गेला नाही.

तेव्हा हा टोपीवाला कोण, हे मी शोधायला लागले. वॉर्डातल्या शेवंतामावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, पेशंट दाखल झाल्याच्या तिसऱ्या दिवसापासून हा येतो. सकाळी एकदा, दुपारी चारला एकदा. इलाही मुलाणी नाव सांगतो, स्टँडसमोर बसून स्टोव्ह आणि छत्र्या दुरुस्त करतो. पेशंटचं अंग पुसतो, त्याला कुशीवर वळवतो, पाठीच्या जखमांना पावडर लावतो. मावशींच्या आवाजात त्याच्याविषयी माया होती. ती ऐकून मला वाटलं, यानं मावशींनाही गुंडाळलेलं दिसतंय. चहा वगैरे पाजत असेल.

म्हाताऱ्याला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. वाचा गेलेली म्हणजे आवाज होता, शब्दही होते, पण ते कुठलेही कुठेही यायचे. ‘बाभूळ’ म्हणायचा, मध्येच ‘सरजा’ म्हणायचा. सिस्टरनी केसपेपरवर ‘असंबद्ध बडबड’ असं लिहून ठेवलं होतं. झटक्यापेक्षाही पुढचं जास्त वाईट होतं. तो बराच वेळ उघड्यावर पडून राहिला होता. अंगातलं पाणी आटलेलं, पाठीला जखमा, छातीत कफ साठलेला. डॉक्टर म्हणाले होते, पहिल्याच दिवशी आणला असता तर वेगळी गोष्ट होती. किती वेळ पडून होता, असा एक रकाना माझ्या फॉर्मवर असे. त्यात मी ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहिलं होतं.

पुढचे पाच-सहा दिवस मी त्या इलाहीवर नजर ठेवली. दुपारी चारला माझं काम नसतानाही मी सहा नंबरवरून फेरी मारू लागले. एक गोष्ट माझ्या लगेच ध्यानात आली. हा माणूस म्हाताऱ्याच्या तोंडाशी कान नेऊन त्याची बडबड ऐकायचा आणि मग खिशातून एक घडी घातलेला कागद काढून त्यावर काहीतरी लिहायचा. मी दिसले की कागद खिशात जायचा. एकदा मी सरळ विचारलं, काय लिहिताय. तो ओशाळला, म्हणाला, काही नाही, आपलं असंच, माझं अक्षर बघण्यासारखं नाही. ओशाळणारा माणूस काहीतरी लपवतो, असं माझं तेव्हाचं शास्त्र होतं.

मग तो बुधवार आला.

मी वॉर्डात गेले तर इलाही म्हाताऱ्याच्या अंगावर जवळजवळ ओणवा झालेला. त्यानं म्हाताऱ्याच्या चांगल्या, डाव्या हाताच्या मुठीत पेन धरवलं होतं, त्या मुठीवर स्वतःची मूठ आवळली होती आणि पुठ्ठ्यावर ठेवलेल्या कागदावर ती मूठ टेकवली होती. म्हाताऱ्याचा हात थरथरत होता. तो हात मागे ओढतोय असंच मला दिसलं.

मी धावत जाऊन कागद ओढून घेतला. त्यावर वेड्यावाकड्या अक्षरात ओळीनं शब्द लिहिले होते. बाभूळ. सरजा. तारा. कोनाळी. आणि त्याखाली, सहा एकर. सगळ्यात खाली पेनाची एक तिरपी रेघ.

सहा एकर हे शब्द मी दोनदा वाचले. म्हातारीच्या वेळी घर होतं, इथे जमीन होती.

इलाही म्हणाला, “नाव लिवून घेत हुतो, मॅडम. तेचं नाव.”

“नाव कशाला हवंय तुम्हाला?”

“नाव न्हाई कळलं तर निरोप कुनाचा म्हनून द्याचा?”

तो पुढेही काही सांगत होता, कंडक्टर, गाडी असं काहीतरी. मी ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, की या खेपेला मी वेळेवर पोचले. मी वॉर्डबॉय मामांना हाक मारली, त्याला रुग्णालयाच्या आवारातल्या पोलीस चौकीत नेलं आणि कागद हवालदारांच्या टेबलावर ठेवला. हवालदार गुरव जुने, मुरलेले. म्हातारीच्या प्रकरणात त्यांनाही वरून बोलणी बसली होती. त्यांनी कागद वाचला, इलाहीला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, की सहा एकर कुणाचं रे. इलाही म्हणाला, मला माहीत नाही, तो बोलला तसं लिहिलं. हवालदार हसले. त्यांनी त्याला संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसवून ठेवलं आणि सोडताना बजावलं, की पुन्हा दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही आणि स्टँडच्या परिसरातही दिसायचं नाही. मी घरी जाताना त्याला बाकड्यावर बसलेला पाहिलं. त्यानंही मला पाहिलं. रागानं बघेल असं वाटलं होतं. तसा तो बघत नव्हता. काहीतरी बोलावं की बोलू नये असं चाललेलं दिसलं चेहऱ्यावर, आणि मग त्यानं मान खाली घातली. मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असणार.

त्या संध्याकाळी मला बरेच दिवसांनी स्वस्थ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यानं तोंड उघडलं नाही. मावशींनी प्रयत्न केला, सिस्टरनी केला. ओठ घट्ट मिटून तो वॉर्डाच्या दाराकडे बघत राहिला. त्याच्याही पुढच्या दिवशी तेच. शेवटी नाकातून नळी घालावी लागली; ती त्यानं डाव्या हातानं दोनदा उपसली, म्हणून तो हात पलंगाच्या दांडीला बांधला. मावशी मला आडून म्हणाल्या, की त्या माणसाच्या हातचं खात होता हो, त्याला येऊ द्या की एकवार. मी त्यांना चांगलंच सुनावलं. अशा लोकांची हीच पद्धत असते, पेशंटला सवय लावायची आणि मग नाड्या आवळायच्या, असं मी म्हटलं. मावशी गप्प झाल्या. त्यांचं गप्प होणंही मला संशयास्पद वाटलं. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला सगळ्याच माणसांचा संशय येत होता, फक्त स्वतःचा सोडून.

असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास माझ्या खोलीच्या दारात एक एस.टी.चा कंडक्टर येऊन उभा राहिला. खाकी कपडे, गळ्यात चामड्याची बॅग, गाडी सुटायला वीस मिनिटं आहेत म्हणून घाईत. त्यानं विचारलं, की इथे कोनाळीचा एक आजारी माणूस आहे ना, त्याचं नाव कळलं का?

मी त्याला बसायला सांगितलं. तो उभ्यानंच बोलला. स्टँडसमोर एक छत्रीवाला बसायचा. पंधरा दिवस तो येईल त्या गाडीच्या कंडक्टरला विचारत होता, की कोनाळी नावाचं गाव कुठे आहे हो? कुणालाच माहीत नव्हतं. या कंडक्टरचा डेपो लांबचा, चौथ्या जिल्ह्यातला. आठवड्यातून एकदाच तो या मार्गाला यायचा. त्याच्या एका मुक्कामाच्या गाडीच्या वाटेवर कोनाळी होतं, शंभरेक उंबऱ्यांचं. त्यानं छत्रीवाल्याला सांगितलं होतं, की गाव मिळालं, पण गावात जाऊन कुणाचा निरोप म्हणून सांगू, माणसाचं नाव आण. छत्रीवाला म्हणाला होता, आजच विचारतो.

“आज आलो तर जागेवर नाही,” कंडक्टर म्हणाला. “पानवाला म्हणाला, पोलिसांनी उठवला. मला वाटलं, इथे तरी कळेल.”

मी त्याला पेशंटचं नाव सांगू शकले नाही. ते कुणालाच माहीत नव्हतं. तो सांगून गेला, की नाव मिळालं तर स्टँडवरच्या कंट्रोलरकडे चिठ्ठी ठेवा, आमच्या डेपोची गाडी रोज येते, कुणीतरी नेईल.

तो गेल्यावर मी चौकीतून तो कागद परत आणला आणि टेबलावर पसरून बसले. बाभूळ, सरजा, तारा, कोनाळी, सहा एकर. खालची ती तिरपी रेघ म्हणजे एखाद्या अक्षराची सुरुवात असावी. मी मध्ये पडले म्हणून ती तिथेच थांबली होती.

त्याच दुपारी मी इलाहीला शोधायला निघाले. पानवाल्यानं सांगितलं, की भाजी मंडईच्या मागे बघा. तिथे, टाकलेल्या कोबीच्या पाल्याच्या ढिगापाशी, बारदान पसरून तो बसला होता. पुढ्यात एक स्टोव्ह उघडलेला. मला बघून तो उठायला लागला. मी त्याला बसायला सांगितलं आणि स्वतःही शेजारच्या उपड्या टोपलीवर बसले. कंडक्टर येऊन गेल्याचं सांगितलं. माझी चूक झाली, असंही सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. तो स्टोव्हचा बर्नर पुसत ऐकत होता. त्यानं एवढंच विचारलं, की बाबा जेवतो का. मी नळीचं सांगितलं. हात बांधल्याचंही सांगितलं. त्यावर त्यानं बर्नर खाली ठेवला.

मग मी जे विचारलं ते विचारायची खरं तर गरज नव्हती. पण संशयाची सवय एका दुपारीत जात नाही. मी विचारलं, “ओळख ना पाळख, मग त्याच्यासाठी एवढं का करत होतात?”

तो खालच्या आवाजात बोलायला लागला.

“मॅडम, त्यो तीन दिस माझ्यापासनं धा पावलांवर पडल्याला हुता. स्टँडच्या भितीला. पयल्या दिशी म्या म्हनलं, पिऊन पडलाय. दुसऱ्या दिशी वास याला लागला. गिऱ्हाईक नाक धरायला लागलं. तवा म्या माझं बारदान उचललं आन चार हात पलीकडं मांडलं. तिसऱ्या दिशी झाडूवाल्यांना हाक मारली. तेला वाचवा म्हनून न्हाई मारली. हितनं उचला म्हनून मारली. त्यांनी उलथा केला, तर डोळं उघडं हुतं. माझ्याकडं बगत हुता. तीन दिस बगतच आसंल.”

मंडईच्या मागे कुणी नव्हतं. एक गाय पाला खात होती.

मी त्याला धीर द्यावा तसं म्हटलं, की एकटे तुम्हीच नव्हतात, त्या रस्त्यानं शेकडो माणसं जातात.

“व्हय,” तो म्हणाला. “जात्यात की.”

आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. चौकीच्या बाकड्यावरून पाहिलं होतं, तसंच.

“काय?” मी विचारलं.

“काय न्हाई.”

“सांगा ना, इलाहीभाई. काय ते?”

“तुमी बी जात हुता, मॅडम. आठ वाजायच्या गाडीनं उतरता. त्या भितीच्या कडंनंच जाता. तिन्ही दिस गेला.”

मला आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. कुणी काही म्हटलंही नसतं. पण मला आठवलं, आणि ते एकदम, सगळंच्या सगळं आठवलं. सोमवारी भिंतीशी पोत्यासारखं काहीतरी पडलेलं होतं. मंगळवारी त्या पोत्यातून बाहेर आलेला एक पाय दिसला, म्हणून मी फुटपाथवरून खाली उतरून रस्त्याच्या कडेनं गेले. बुधवारी तर लांबूनच पदर नाकाला लावला. नगरपालिकेची माणसं करतात तरी काय, असं मनात आलं. ऑफिसात गेल्यावर फोन करावा, असंही आलं. पण त्या दिवशी जिल्ह्याची मीटिंग होती. बुधवारी दुपारी मीटिंगहून परतल्यावर मला कळवलं, एक बेवारस पेशंट आलाय. मी फॉर्म काढला आणि भरला. पोत्यातला पाय आणि सव्वीस नंबरचा पेशंट यांची गाठ मी तेव्हा घातली नाही. घालायची नव्हती म्हणून घातली नाही, असं आता वाटतं.

मग मी विचारलं, “चौकीत हे का नाही सांगितलंत? मी तुम्हाला चोर ठरवत होते.”

“सांगून काय हुनार हुतं?” तो म्हणाला. “तेच्याजवळ तुमीच तर हुता. तुमचं नाव खराब झालं आस्तं, तर तेचं कोन बगनार?”

मी त्याला घेऊन रुग्णालयात आले. गुरव हवालदार चौकीच्या दारात उभे होते. मी त्यांना सांगितलं, की हा माणूस माझ्या परवानगीनं येतोय, काय लिहायचं ते माझ्या नावानं लिहा. वॉर्डात गेल्यावर इलाहीनं आधी म्हाताऱ्याचा बांधलेला हात सोडला. मनगटावर वळ उठला होता. तो चोळत बसला. म्हातारा त्याच्याकडे बघत होता. संध्याकाळी त्यानं चार चमचे पेज घेतली.

त्यानंतर दोन दिवस आम्ही दोघं नाव विचारत होतो. इलाही पेन हातात द्यायचा, मी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायचे. आता त्याला पूर्वीइतकं त्राण नव्हतं. मधल्या सहा दिवसांत छातीतला कफ वाढला होता, ताप हटत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ‘स’ म्हटलं तेव्हा त्यानं डोळे मिटून उघडले. मग बऱ्याच वेळानं, एकेक अक्षर ढकलल्यासारखं, तो स्वतःच म्हणाला, सोपान. इलाहीनं ते दोनदा विचारून घेतलं. मी तशीच स्टँडवर गेले आणि कंट्रोलरकडे चिठ्ठी ठेवली.

तिसऱ्या दिवशी पहाटे सोपान गेला. मी आठच्या गाडीनं उतरले तेव्हा इलाही स्टँडच्या दारात माझी वाट बघत उभा होता. काय झालं ते त्याला सांगावं लागलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा-साडेदहाला, त्याची मुलगी आली. तारा तिचं नाव. तिशीची, उन्हानं रापलेली, पायात रबरी चपला, बरोबर गावातला एक शेजारी. चिठ्ठी तिला आदल्या संध्याकाळी मिळाली होती आणि रातोरात तीन गाड्या बदलून ती आली होती. मी तिला माझ्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की काल आले असते तर भेटला असता का. मी म्हटलं, काल नाही, परवा.

शवागाराची किल्ली यायला वेळ होता. तारा, इलाही आणि मी, आम्ही तिघं बाहेरच्या कट्ट्यावर बसलो. मी तिला कागद दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवला. सरजा हा बैल, ती म्हणाली. बाभूळ घराच्या दाराशी आहे. मी सहा एकराचं विचारलं, तर ती क्षणभर गोंधळली, मग म्हणाली, आमचं कुठलं आलंय रान. बापानं आयुष्यभर दुसऱ्याच्या सहा एकरात सालगडी म्हणून काम केलं. दोन वर्षांपूर्वी मालकानं ते रान बैलासकट विकलं. तेव्हापासून बाप घरात टिकेना. कामाच्या शोधात म्हणून निघायचा, महिना-दोन महिन्यांनी परत यायचा. या खेपेला आलाच नाही.

मग तिनं आम्हा दोघांचे हात धरले. तुम्ही निरोप धाडला म्हणून तोंड तरी बघायला मिळतंय, नाहीतर कायमचं वाट बघत बसलो असतो, असं ती म्हणाली. मधले सहा दिवस मी तिला सांगितले नाहीत. इलाहीनंही सांगितले नाहीत. त्याला ते सहज सांगता आले असते.

किल्ली घेऊन येणारा माणूस लांबून दिसला. माझा हात न सोडताच तारा उठली, पदर खांद्यावरून घेतला आणि सहज विचारावं तसं तिनं विचारलं, “माज्या बाला पयल्यांदा कुनी बगितलं?”

इलाही जमिनीकडे बघत होता. मला दिसलं की तो आता ‘म्या’ म्हणणार.

“आम्ही दोघांनी,” मी म्हटलं. “स्टँडच्या भिंतीशी पडले होते. तीन दिवस रोज बघत होतो. मी तिथून रोज जात होते.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं, आता शिव्या देईल, किंवा हात सोडून देईल. हात तिनं सोडला, पण रागानं नाही; विसरल्यासारखा.

“काय बोलत हुता का त्यो, त्या तीन दिसांत?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “मी थांबले नाही.”

दार उघडल्याचा आवाज झाला. ती तिकडे वळली, दोन पावलं गेली आणि पाठमोरीच, स्वतःशी बोलावं तशी म्हणाली,

“बोलला आसंल. गप बसनारं मानूस नव्हतं त्ये.”